पाचवी वीट

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, वाचताना मी कायम दुसऱ्या बाजूला असायचो. खिडकी आपोआप उघडली? कडी सैल असेल. माळ्यावर पावलं वाजली? उंदीर असतील. मी बी.एस्सी. आहे, घरातला पहिलाच पदवीधर, आणि एका ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंट. आई-आबांनी वीटभट्टीवर राबून मला शिकवलं. एवढं शिकून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला तर त्यांचे कष्ट वाया गेले, असं मला वाटायचं. म्हणून हे लिहायला जवळपास वर्ष गेलं...

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. आम्ही भिंगारला राहतो, तीन मजली इमारतीत सगळ्यात वर. वन आर.के. डोक्यावर गच्ची, उत्तरेची भिंत उघड्या मैदानाकडे. डिसेंबरात आमची मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. वजन पावणेदोन किलो. बरेच दिवस दवाखान्यात ठेवून घरी सोडताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "वजन वाढेपर्यंत हिला गार पडू देऊ नका. छातीशी धरून ठेवा, आणि खोली उबदार पाहिजे."

खोली उबदार... हीटर आणला, तर लावला की अख्ख्या मजल्याची लाईट जायची. घरमालक वर येऊन म्हणाले, "वायरिंग जुनं आहे, सर. हीटर लावायचा असेल तर दुसरी खोली बघा." मग खिडकीला आतून जाड प्लास्टिक लावलं, फटींत कागदाचे बोळे कोंबले, फरशीवर पुठ्ठे आणि वर सतरंजी. तरी भिंतीवरचा थर्मामीटर पहाटे पंधराच्या वर जाईना.

नेवाशाजवळच्या आमच्या गावाहून आई मदतीला आली होती. ती म्हणाली, "घरात शेगडी ठिव की."

"नाही. कोळशाचा वायू होतो. बंद खोलीत माणसं झोपेतच जातात."

"मंग इटा तापव. आमी भट्टीवर तेच करायचो."

हे मात्र मला पटलं. गच्चीवर अश्विनीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आंघोळीच्या पाण्यासाठी आईनं चूल मांडलीच होती. तिथेच बांधकामातल्या उरलेल्या विटा पडल्या होत्या, तीन इंग्रजी अक्षरांचा छाप असलेल्या. त्यातल्या चार घेतल्या. संध्याकाळी चुलीच्या कडेला तापवायच्या, लोखंडी घमेल्यातून खाली आणायच्या आणि घमेल्यासकट कॉटखाली ठेवायच्या. खोली दोन-तीन डिग्रीनं चढायची. सवयीप्रमाणे मी खडूनं १ ते ४ नंबर टाकले. पहाटेपर्यंत चारही विटा थंड व्हायच्या. होणारच.

आठवडाभरानं पहाटे साडेपाचला अश्विनी पाजायला उठली आणि म्हणाली, "अहो, आज खोली ऊन वाटतेय ना?" थर्मामीटर एकवीसवर होता. मी कॉटखाली वाकलो. चार विटा गार. त्यांच्या मध्ये पाचवी... हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला.

तिच्यावर ना नंबर, ना छाप. जुनी, जाड, एका बाजूनं काळपट. मला वाटलं, आईनं लवकर उठून तापवून आणली असेल.

"म्या?" आई म्हणाली. "मला वाटलं, तूच उठला."

गच्चीवर जाऊन पाहिलं. चुलीतली राख गार होती.

ती वीट मी गच्चीच्या कठड्यावर ठेवली. दुसऱ्या पहाटे ती पुन्हा कॉटखाली, तशीच तापलेली. दाराला आतून कडी. तिसऱ्या पहाटेही तेच. आता तुम्हीच सांगा, तीन माणसांच्या घरात मी कोणावर संशय घ्यायचा? मी नाही. अश्विनीला टाके होते, तिला जिना चढायची मनाई. उरली आई. ती दाराजवळ झोपायची आणि सगळ्यांआधी उठायची. शिवाय आल्यापासून तिच्या तोंडी एकच होतं – "लेकराची पाचवी ऱ्हायली." पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात, ती दवाखान्यामुळे राहून गेली होती. मीच म्हणालो होतो, "काही अडत नाही."

त्या दिवशी दुपारी अश्विनीनं वीट दारातल्या उन्हात नेऊन नीट पाहिली आणि मला कॉलेजात फोन केला. "लगेच घरी या."

विटेच्या एका अंगाला पायाचा ठसा होता. लहान मुलाचा, मातीत दबून भाजलेला. मला आधी तो नुसता खळगा वाटला होता. अश्विनीनं अंगठ्याशेजारच्या दोन बोटांवर बोट ठेवलं. ती एकमेकांना चिकटलेली होती.

आमच्या मुलीची तीच दोन बोटं जोडलेली आहेत.

"आत्याबाईंनी पाचवी केलीय, गुपचूप," अश्विनी कुजबुजली. "माझ्या लेकीच्या पायाचं काहीतरी करून घेतलंय."

ठसा मुलीच्या पावलाच्या दुपटीहून मोठा होता, हे मला दिसत होतं. भाजलेल्या विटेत नवा ठसा उमटत नाही, हेही कळत होतं. तरी मी आईसमोर जाऊन उभा राहिलो.

"आई, खरं सांग. पाचवी म्हणून काय केलंस?"

"काय बी न्हाई."

"मग बाळावर हात ठेवून शपथ घे."

आई म्हणाली, "लेकरावर हात ठिवून मी शपथ घ्यायची न्हाई. आन् तू बी असं कुनाला म्हनू नगं."

मला वाटलं, सापडली! चोरी असल्याशिवाय माणूस शपथेला कशाला घाबरेल?

आईनं पिशवी भरली. "आबा तिकडं एकलेच हायेत," एवढंच म्हणाली. मी तिला स्कूटरवरून एस.टी. स्टँडवर सोडलं. परत येताना डिकीत घातलेली ती वीट एका पुलाजवळच्या राडारोड्यात फेकली.

त्या संध्याकाळी विटा मी तापवल्या. आईसारख्या जमल्या नाहीत, झोपायच्या वेळीच कोमट झाल्या. दाराला कडी लावली, वर कुलूप घातलं, किल्ली उशाखाली ठेवली. मुलगी माझ्या छातीशी होती. पहाटे जाग आली तेव्हा आधी तिचे तळवे चाचपले, आता गार पडले असतील म्हणून...

तळवे उबदार होते. थर्मामीटर एकवीसवर. आणि कॉटखाली ती होती.

कुलूप तसंच होतं. किल्लीही. अश्विनी ओठांवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "आत्याबाई तर गावाला आहेत हो..."

रविवारी वीट पिशवीत घालून मी गावी गेलो. आई अंगणात तूर झोडत होती. मला बघून थांबली नाही. "संशय फिटला, का अजून ऱ्हायलाय?"

मी वीट तिच्यासमोर ठेवली. तेव्हा मात्र तिचा हात थांबला. तिनं ठशावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बूट काढ."

"काय?"

"उजवा. मोजा बी काढ."

मी काढला. माझीही तीच दोन बोटं जोडलेली आहेत. ही गोष्ट मला जन्मापासून माहीत, पण इतक्या दिवसांत एकदाही डोक्यात आली नाही!

"दोन वर्साचा हुतास," आई म्हणाली. "नदीकाठच्या भट्टीवर. थापलेल्या कच्च्या इटांवरनं पळाला. मुकादम लई बोलला, मी तुला दोन लगावल्या. बाकीच्या इटा मोडून परत थापल्या. ही एक न्हाई मोडवली. गपचीप भट्टीत लावली. थंडीत आपन त्याच भट्टीच्या उबंला निजायचो."

"मग कुठं गेली ही?"

"टरकात भरली, गेली. कुनाच्या भिंतीत बसली आसंल."

"आणि आता आमच्या कॉटखाली कशी आली?"

"मला काय ठावं? शिकलेला तू हायेस."

मी म्हणालो, "आई, चुकलं माझं. चल घरी."

"तू बोलवतो का सूनबाई?"

मी फोन लावून दिला. अश्विनी पलीकडून काय बोलली ते कळलं नाही, आई नुसती "व्हय... व्हय... रडू नगं, दूध आटंल" म्हणत होती. दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो.

ती आल्यापासून वीट एकदाही तापली नाही. मुलीनं त्या महिन्यात चांगलं वजन धरलं.

मी सगळं तपासून पाहिलं. तापलेली वीट किती वेळ ऊब धरते ते मोजलं. पुलाजवळच्या राडारोड्यात तशीच दुसरी वीट आहे का, तेही जाऊन बघितलं. घरमालकाकडे दुसरी किल्ली आहे का विचारलं. नाही. मला अजून काहीही कळलेलं नाही. कोणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनानं ऐकेन.

आता पुन्हा थंडी सुरू झालीय. मुलगी धरून धरून चालते. वीट कॉटखालीच आहे आणि पहाटे उठलो की माझा हात आधी तिच्याकडे जातो. काल आईनं अंथरुणातून पाहिलं. "काय रं, अजून तपासतो व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "हात शेकतोय."

वीट गारठलेली होती. आईला ते माहीत होतं. ती कूस बदलून झोपली, आणि मी हात तसाच ठेवला.