शेंग नसलेला नमुना

जोशीसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर निघाले होते. तास घेतला, परत आले, चहा प्यायले. रडू आलं नाही. आज तीन आठवडे झाले... अजूनही आलेलं नाही.

हवाई दलातल्या वडिलांची बदली झाली, मी पीएच.डी.साठी चंदीगडला मागे राहिले. मार्गदर्शक मराठी म्हणून आई निर्धास्त होती. बिचारी! वाटाण्याच्या कुळातली वेलन्‌वेल सरांना तोंडपाठ होती, माणसांशी मात्र त्यांचं वाकडं. त्यांचा नियम एकच : फुलासोबत शेंग नसेल तर तो नमुना नाही. असा वाळवलेला नमुना चिकटवलेला कागद ते चारचौघांत टराटरा फाडत.

सतीश माझ्याच वर्षाचा, पतियाळ्याचा. डेराबस्सीकडच्या गव्हातून त्यानं पिवळ्या फुलांची एक रानवेल आणली. सर म्हणाले, "फुलं काय, गुरंसुद्धा हुंगतात. शेंग घेऊन ये." तेव्हा पंजाबात अतिरेकी बसमधून माणसं उतरवून गोळ्या घालत होते. सतीश मला म्हणाला, "यार, तू बोल ना सर से. तेरी तो सुनते हैं, मराठी में बोल."

मी ते फूल भिंगाखाली पाहिलं होतं. स्त्रीकेसराच्या दांडीवर एकाच बाजूला केस होते, म्हणजे वेल लाखेच्या डाळीच्याच गटातली. ओळखायला शेंग लागतच नव्हती. पण माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. मी म्हटलं, "जा ना, एक शेंग तर आणायचीये."

दोन दिवसांनी त्याची बस अडवली; गोळ्या घातलेल्यांत तोही होता. बातमी ऐकून सरांनी विचारलं, "नमुन्याची पिशवी मिळाली का?" मनात म्हटलं, मेल्या, तुला माणूस कोणी केलं! तोंडानं म्हटलं, "नाही, सर." सही महिन्याभरात झाली.

मी आता सरांच्याच विभागात शिकवते; गेल्या आठवड्यात त्यांचं कपाट माझ्या ताब्यात आलं. सतीशचा कागद तिथे होता, न फाडलेला. खाली सरांच्या बारीक अक्षरात वेलीचं पूर्ण नाव, आणि ज्या सकाळी त्याला परत पाठवलं त्याच दिवसाची तारीख. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मी सरांना पोटभर शिव्या दिल्या, एकटीच, मराठीत.

परवा माझी एक विद्यार्थिनी पिंजौरहून रानवाटाणा घेऊन आली, नुसत्या फुलांचा. लांबूनच ओळखला मी. ती म्हणाली, "मॅडम, फिर बसें रोकने लगे हैं, घरवाले बस से जाने नहीं देते अब."

मी कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "शेंग घेऊन ये."