शेंदूर लावलेला गोळा

"गाळ चालतो हो," असं म्हणत आमचे मामा तळहातावर दोन बोटं चालवून दाखवत. घोडपदेवच्या आमच्या चाळीत ते सगळ्यांचेच मामा. गोदीत गाळ उपसणाऱ्या बोटीवर त्यांची नोकरी. लढाईच्या काळात गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं, तेव्हा न फुटलेले गोळे तळाच्या गाळात रुतले होते. "यंदा साफ केलेल्या जागी पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा गोळा," मामा सांगत. "गाळाच्या पाठीवर बसून येतो तो."

हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की दाराबाहेर काढलेली चप्पलही आधी काठीने ढोसून मग घालत. मामी म्हणायच्या, "उद्या मलाही ढोसून बघाल!"

चाळीमागचा खड्डा गोदीच्याच गाळाने भरलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतल्या एका पावसाळ्यात तिथला भराव खचला आणि एक निमुळतं, गंजकं डोकं वर आलं. आम्हाला काय दिसावं? स्वयंभू म्हसोबा! कुणी शेंदूर फासला, कुणी जास्वंद वाहिली. "मुंबई मिळणार, देव वर आला," असा बोभाटा झाला. समोरच्या मालवणी काकींचा मुलगा सत्याग्रहात तुरुंगात होता. त्या नारळ घेऊन निघाल्या, थेट देवाच्या डोक्यावर फोडायला.

मामा तेवढ्यात कामावरून आले. त्यांनी एकदाच पाहिलं आणि हात पसरून मध्ये उभे राहिले.

"काकी, नारळ नको."

"देव इलो आमच्या दारात, आणि तू नको म्हणतस? तू देव सोडलंस, मी नाय!"

मामांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बोलणं त्यांना लागलं असणार. पण ते हलले नाहीत.

"देव नाय हा, बाँब हाय. फुटला तर पोरगा सुटून कुणाकडं येईल?"

काकींचा हात खाली आला. मामांनी एकाला पोलीसचौकीवर धाडलं, बाकीच्यांना लांब पिटाळलं आणि स्वतः जरा अंतरावर बसून राहिले. मामांबरोबर दीक्षा घेतलेला एक जण लांबूनच खवचटपणे म्हणाला, "मामा, दीक्षा घेऊन म्हसोबापुढं?"

"राखण करतोय. पूजा नाय."

लष्कराची गाडी गोळा घेऊन गेली, तेव्हा कुठे मामांनी चहा घेतला.

मुलगा सुटला त्या दिवशी काकी नारळ घेऊन मामांच्या दारात. त्या घरात त्या तोवर पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या.

"आता ह्यो खंय फोडू, ता तूच सांग."

मामांनी उंबऱ्याबाहेर फोडला. "प्रसाद नाय हां काकी, खोबरं."

"खोबरा तर खोबरा," म्हणत काकींनी तुकडा तोंडात टाकला आणि मामींकडे पाणी मागितलं. मला त्या दिवशी आमची चाळ फार आवडली.

मामा गेले तेव्हा मामी जेवेनात. काकींनी आपल्या घरून पेज आणली. खूप विनवलं, पण मामी मान हलवत राहिल्या. मग काकींनी पदर खोचला, पेज मामींच्याच ताटात ओतली आणि त्यांच्यासोबत त्याच ताटात जेवायला बसल्या.