आमचे साडभाऊ आणि लेन्सचं माप

वाशीम जिल्ह्यात शेताच्या धुऱ्यावरून जेवढी भांडणं झाली असतील, तेवढी आमच्या साडभाऊंनी एकट्यानं कॅमेऱ्याच्या तोंडावरून केली आहेत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मंगरूळपीरला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. कॅमेऱ्याच्या ज्या गोल कड्यात लेन्स फिरवून बसवतात त्याला माउंट म्हणतात, हे मला शाळामास्तराला त्यांच्याचमुळे कळलं. पुढे आरशाचे कॅमेरे मागे पडून बिनआरशाचे आले, आणि येताना कंपन्यांनी ते कडंच बदलून टाकलं. जन्मभर जमवलेल्या जुन्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यावर बसेनात. बाकीच्या दुनियेनं ही बातमी वाचून सोडून दिली. साडभाऊंनी ती अंगावर घेतली, भावकीतल्या कुणी त्यांच्या वावरात नांगराचं तास घातल्यासारखी.

त्यांच्याकडे पासपोर्ट फोटोसाठी बसलेल्या माणसाला हलता येत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मान सरळ, हनुवटी वर, डोळे समोर, असा तो गरीब माणूस बसला की हे लेन्सची टोपी काढता काढता विचारायचे, "मले सांगा, पोरगा नवा सदरा शिवून आला, म्हणून बाप दरवाज्याचं माप बदलते काय?" त्यानं मान हलवली की फोटो हलायचा, मग पुन्हा पहिल्यापासून फोटो आणि पहिल्यापासून प्रश्न. एकदा मेडशीहून एसटीनं आम्ही दोघं वाशीमला निघालो, तर यांनी कंडक्टरलाच पंच नेमलं. कंडक्टरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, नव्या गाडीले जुन्या गाडीचे टायर मीही मागतले होते. नाही देत ते." साडभाऊ त्याच्यावर वर्षभर खूश होते.

लेन्सांवर त्यांचा जीव. दमट हवेनं काचेला बुरशी धरते म्हणून पावसाळा सरला की त्या साऱ्यांना गच्चीवर ऊन दाखवायचं, तेही ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, सादळलेल्या वाळवणाशेजारी. एका वर्षी दोन्हीकडच्या टोप्या काढून ठेवलेल्या एका लेन्समधून ऊन गोळा झालं आणि कुरडयांखालचं लुगडं धुपायला लागलं. ताई बादली घेऊन धावल्या. हे भोकाकडे बघत म्हणाले, "पाह्य, काचीत अजून किती दम हाये. अन् कंपनी म्हणते बसत नाई."

मी कमी बोलतो. कंपन्यांच्या बाजूनेही काही आहे, हे मी वाचलं होतं. आरसा गेला की आतली जागा कमी होते, कडं रुंद करता येतं, काच चित्र टिपणाऱ्या पडद्याच्या जवळ येते, चित्र कोपऱ्यापर्यंत स्वच्छ येतं. ट्रॅक्टर आला तेव्हा जू बदललंच ना आपण, हे त्यांना सांगावं असं कितीदा ओठांवर आलं. पण मी गप्प बसायचो आणि ते त्याला होकार समजायचे. "गुरुजी शिकलेले हायेत, त्यायले इचारा," असं ते चारचौघांत सांगत, आणि चारचौघं माझ्याकडे बघत.

लग्नाची कामं एकेक करून तुटत गेली, तसं भांडण वाढत गेलं. पंचक्रोशीत कुणी अकोल्याची फोटोवाली पार्टी बोलावली की ते म्हणायचे, "माउंट बदललं, नाहीतर मलेच सांगतलं असतं." मग गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "बाबा, मौसाजी नको. ते साऱ्यायले ताठ उभं करतात अन् श्वास धरा म्हणतात. श्राद्धाच्या फोटोसारखे दिसतो आमी." तिचं खोटं नव्हतं. भटजींना मंगलाष्टकांच्या मधे थांबवून "उजेडात सरका" म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी मंगरूळपीरला गेलो. त्यांनी बॅग आधीच पुसून ठेवली होती. मला खरं बोलता आलं नाही. मी म्हणालो, "साडभाऊ, नवरदेवाकडच्यांची सगळी मशीन नव्या मापाची आहे. तुमच्या लेन्सा त्यात बसणार नाहीत. घात केला हो कंपन्यांनी." इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं बोललो, तो असा. वर म्हणालो, "आणि तुम्ही मानाचे. फेटा बांधून पुढं बसा." त्यांनी माझा हात धरला आणि बायकोला आत हाक दिली, "ऐकलं का, गुरुजीही तेच म्हणून राह्यले."

लग्नात ते पहिल्या रांगेत गुलाबी फेटा बांधून बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. खुर्चीखाली बॅग होतीच. मंगलाष्टकांना थोडा वेळ उरला असताना लग्नाला बोलावलेल्या अकोल्याच्या फोटोग्राफरची लांबची लेन्स स्टेजच्या पायऱ्यांवर आपटली आणि अडकली. कुणाकडे लेन्स आहे का, असं तो घाईघाईनं विचारत आला. साडभाऊ उठले. आपली सर्वांत लाडकी लेन्स त्यांनी काढून दाखवली आणि जवळजवळ आनंदानं म्हणाले, "पण बसणार नाई ते. माप बदललं तुमच्यावाल्यायनं. इचारा गुरुजींले." फोटोग्राफरनं खिशातून धातूचं एक कडं काढलं, ते कॅमेऱ्याला लावलं, त्यावर लेन्स फिरवली. बारीक आवाज झाला आणि ती बसली. "मस्त काच आहे, काका," म्हणून तो स्टेजकडे पळाला.

साडभाऊंनी बॅगेची चेन लावली. मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्यावर अक्षता पडत होत्या.

जेवणाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "काच बसली, गुरुजी."

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

मी म्हणालो, "चला, जेवून घ्या." ते जेवले. मला वाईट वाटू नये म्हणून बुंदी मागून घेतली.

त्यानंतर ते कुणाशी भांडले नाहीत. माउंट आड होतं तोवर त्यांच्याकडे एक शत्रू होता. तो मी काढून घेतला आणि त्याच्या जागी दोष द्यायला त्यांना त्यांचंच नाव उरलं. गेल्या महिन्यात जऊळक्याच्या स्टेशनावर भेटले. मी आपणहून विषय काढला, कंपन्यांना नावं ठेवली. ते म्हणाले, "बदलू द्या नं. त्यायलेही पोट हाये." मग म्हणाले, "अल्बम आला असन."

मी नाही म्हणालो.

माझं मत कुणी विचारलंच तर माउंट बदलावं, असंच आहे. काचेला उजेड जास्त मिळतो. कंपन्यांना काय, त्यांना साडू नसतो.

अल्बम केव्हाच आला आहे. त्यात एक फोटो त्यांच्या लेन्सनं काढलेला. मुलगी हार घालते आहे, जावई हसतो आहे, सगळा मांडव त्या दोघांकडे बघतो आहे. मागे पहिल्या रांगेत गुलाबी फेट्यातले साडभाऊ तेवढे तिकडे बघत नाहीत. ते सरळ आपल्या काचेकडे बघताहेत, गावाला पाठवलेल्या लेकराकडे बघावं तसे.

येत्या रविवारी अल्बम घेऊन मंगरूळपीरला जाईन म्हणतो.