उजव्या तळहातावरचा डाग

थोरलीच्या हातची रेघ अशी, की वाटावं डोक्यातला एक केस काढून कागदावर ठेवलाय. कुठे जाड नाही, कुठे थरथर नाही. बावीस वर्षं ती एकाच स्टुडिओत, खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलावर, एकच काम करत आली होती. मधली चित्रं. स्टुडिओत तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावरसुद्धा.

मधली चित्रं म्हणजे काय, ते एकदाच सांगून टाकावं. अ‍ॅनिमेतल्या, म्हणजे जपानी धर्तीच्या कार्टून मालिकेतल्या पोरीने मूठ उघडली असं दाखवायचं, तर मुख्य चित्रकार दोनच चित्रं काढतो: मिटलेली मूठ आणि उघडलेला हात. या दोहोंच्या मधे जी दहा-बारा चित्रं लागतात, ती दुसऱ्याच कुणीतरी काढायची. ती चांगली झाली तर कुणाच्या लक्षात येत नाहीत, बिघडली तर मात्र सगळ्यांना दिसतात. स्वयंपाकातल्या मिठासारखं. बावीस वर्षं मीठ होऊन राहणं सोपं नसतं.

थोरली तशी राहिलीही असती. पण सहा वर्षांपूर्वी दिराचं लग्न झालं आणि घरात धाकटी जाऊ आली. नुसती घरात आली असती तरी चाललं असतं. पण तिला चित्रांची आवड निघाली, आणि थोरलीच हौसेने तिला स्टुडिओत घेऊन गेली. पेन्सिलीला टोक कसं काढायचं, पानं बोटांत धरून फडफडवत चित्र हलतंय का ते कसं बघायचं, सगळं तिनेच शिकवलं. नळ आपणच सोडायचा आणि मग घरभर पाणी झालं म्हणून ओरडायचं, त्यातला प्रकार.

चौथ्या वर्षी धाकटी मुख्य चित्रकार झाली. त्या पदाची परीक्षा थोरलीने दोनदा दिली होती. दोन्ही वेळा दिग्दर्शकाने एकच सांगितलं होतं, "रेघेला नाव ठेवायला जागा नाही हो. पण तुमचा माणूस जिवंत वाटत नाही."

धाकटीची माणसं जिवंत वाटत. कोपर वाकडं, कान खाली घसरलेला, रेघ वाटेल तिथे उंडारलेली. पण तिची पोरगी पळाली की बघणाऱ्याला धाप लागायची. तिला सगळे भिंगरी म्हणत. एकाच घरात एक फूटपट्टी आणि एक भिंगरी! नावं ठेवणाऱ्यांची अक्कल एरवी कुठे जाते कोण जाणे.

थोरलीचा जीव जळायचा तो मोठ्या गोष्टींनी नाही. धाकटीला खिडकीजवळचं टेबल मिळालं, हे एक. दुसरं म्हणजे आरसा. मुख्य चित्रकारांना टेबलावर आरसा मिळतो, स्वतःचे हावभाव बघून चित्र काढता यावं म्हणून. थोरलीने एकदा आरसा मागितला होता, तेव्हा सामानाच्या खोलीवरचा माणूस हसून म्हणाला, "मधल्या चित्रांना तोंड बघून काय करायचंय?"

आणि घरी नवरा. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, चित्रांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण मालिका लागली की टीव्हीसमोरून ओरडायचा, "अगं, हा आपल्या धाकटीचा सीन ना?"

"दोन चित्रं तिची. अकरा माझी."

"हो, पण पोरीने मान काय वळवलीय!"

"वळवली कुणी? तिने नुसती आधीची आणि नंतरची काढली. वळवली मी."

"बरं बाई, तू वळवलीस. भाजी वाढ."

थोरलीने भाजी अशी वाढली, की ताटाबाहेर गेली.

ती मालिका होती समुद्र आटून गेलेल्या जगाची. कोरड्या तळावरून लोखंडी जहाजं चाकांवर धावतात, आणि सगळ्यात खोल दरीत एक जुनं यंत्र बसलेलं आहे, ते भविष्य सांगतं. यंत्राचं भाकीत असं, की डाव्या तळहातावर भाजल्याचा डाग असलेली मुलगी येईल आणि तिच्यामागून पाणी येईल. एका जहाजावर सुकाणू धरणारी पोरगी आहे. लहानपणी बॉयलरला हात लागून तिचा डावा तळहात भाजलेला. अठरा भाग ती त्या दरीकडे निघालेली होती. एकोणिसाव्या भागात ती यंत्रासमोर उभी राहते आणि मूठ उघडून डाग दाखवते. लहान मुलांपासून त्यांच्या आजोबांपर्यंत सगळे त्या मुठीची वाट बघत होते.

त्या मुठीची पानं ज्या दिवशी थोरलीकडे आली, त्याच सकाळी फळ्यावर कागद लागला होता: पुढच्या हंगामापासून सगळ्या मुख्य चित्रकारांची प्रमुख, धाकटी. थोरलीने तो कागद तीनदा वाचला. जणू चौथ्यांदा वाचल्यावर नाव बदलणार होतं.

मग ती टेबलावर येऊन बसली, दिवा लावला, धाकटीची दोन पानं काचेवर ठेवली, आणि तिला दिसलं. डाग उजव्या तळहातावर होता.

कसं झालं, तेही तिला लगेच कळलं. धाकटीने आरशासमोर स्वतःचा डावा हात वर केला, आणि आरशात दिसला तसाच कागदावर उतरवला. आपला डावा हात आरशात ज्या बाजूला दिसतो, तिथे समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा असतो. ही चूक पहिल्या वर्षाची पोरं करतात. धाकटीला ती करू नकोस म्हणून थोरलीनेच बजावलं होतं, स्वतःकडे आरसा नसताना.

स्टुडिओचा नियम साधा होता. मुख्य चित्रात शंका आली, तर चिठ्ठी लिहून पान परत पाठवायचं. थोरलीने चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला आणि पेन्सिल दाबून लिहिलं: "हात उलटा आहे. डाग डावीकडे हवा." चिठ्ठी फाडून पानाला लावणार, एवढ्यात खिडकीकडून धाकटीचा आवाज आला.

"ताई! तेवढं आज होईल ना? मी तर सगळं तुमच्यावर सोडून मोकळी झालेय हं!"

आजूबाजूचे हसले. अभिनंदनं चालली होती तिथे.

सोडून मोकळी. बरोबर आहे, सोडायचं आणि मोकळं व्हायचं, बाकीच्यांनी झेलायचं. थोरलीने चिठ्ठी चुरगळून पर्समध्ये टाकली. आणि अकरा चित्रं काढली. आयुष्यात काढली नव्हती इतकी सुंदर. एकेक बोट फूल उमलावं तसं उघडलं, आणि आत, चुकीच्या हातावर, तो डाग.

पानं तपासणारा गृहस्थ, ज्याला सगळे चष्मा म्हणत, त्याने न बघता सही केली. "फूटपट्टीची पानं काय तपासायची!" हे तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता.

भाग लागायला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत थोरली कुठल्याही दिवशी तोंड उघडू शकली असती. रोज सकाळी ती ठरवायची, की आज सांगायचं. रोज धाकटी काहीतरी छान करायची, आणि राहून जायचं. तिने चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला मात्र परत हात लावला नाही. दुसऱ्या कुणाच्या चित्रात शंका आली, तर उठून तोंडी सांगून यायची.

भाग लागला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्टुडिओत फोन खणखणायला लागले. थोरली मान खाली घालून ऐकत होती. कान तेवढे वर. तिला हवं तेच झालं होतं: हात उलटा आहे, सगळ्यांनी पाहिलं होतं. फक्त कुणी त्याला चूक म्हणत नव्हतं. ही खरी सुकाणूवाली नाहीच, असं बघणारे म्हणत होते. यंत्राने तिचं प्रतिबिंब घडवून पुढे केलंय. पोरी दोन आहेत! कुणी मागचे अठरा भाग उकरून पुरावे काढले होते. दुपारपर्यंत दिग्दर्शकाने सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. गेले चार महिने त्याला शेवट सुचत नव्हता, हे उघड गुपित होतं. आता त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"हे डोकं कुणाचं?"

धाकटी उभी राहिली. ढापते बया आता हेही, असंच थोरलीच्या मनात आलं.

"चूक माझी," धाकटी म्हणाली. "आरशात बघून काढलं, हात उलटा आला. पण पानं ताईंकडे गेली होती. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी ठेवलं, म्हणजे विचार करूनच ठेवलं असणार."

पहिली टाळी चष्म्याने वाजवली. त्याची मान वाचली होती.

"बाई," दिग्दर्शक म्हणाला, "बावीस वर्षं कुठे लपला होतात?"

"तुमच्यासमोरच बसले होते."

सगळे हसले. तिने विनोद केला नव्हता.

"ती दुसरी पोरगी, प्रतिबिंबातली, तिची मुख्य चित्रं तुम्हीच काढायची. आणि बरंच आहे, ती पूर्ण जिवंत वाटायला नकोच आहे."

एवढं ऐकूनही थोरली हो म्हणाली. बावीस वर्षांच्या भुकेपुढे ताटात काय वाढलंय, हे कोण बघतं?

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. धाकटी भांडी पुसत होती.

"खरंच मी विचार करून ठेवलं, असं वाटलं तुला?" थोरलीने विचारलं. न विचारून चैन पडत नव्हतं.

धाकटीने हात पुसले, पर्समधून एक चिठ्ठी काढली आणि ओट्यावर ठेवली. कोरी चिठ्ठी, वर पेन्सिल आडवी घासलेली. आणि त्या करड्या रंगात पांढरी उमटलेली अक्षरं. "हात उलटा आहे. डाग डावीकडे हवा."

"सकाळी तुमच्या टेबलावरून चिठ्ठी घ्यायला गेले होते. गठ्ठ्यात हीच वर होती, अक्षरांचे वळ उठलेली. किती दाबून लिहिता हो ताई."

थोरली खालीच बसली. "मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू, जावेने पाय ओढला? तुम्हाला घरी बसवलं असतं. मग तुमची रेघ मी कुठून आणू? सहा वर्षं घासतेय, एक रेघ येत नाही तुमच्यासारखी. तुमचं पान परत आलं की माझं मला फाडून टाकावंसं वाटतं."

थोरलीला बरं वाटलं. एवढं बरं वाटलं, की तिचं तिलाच लाजिरवाणं झालं.

"आणि दुसरं," धाकटी म्हणाली, "माझं काही चांगलं झालं की तुम्ही ते तोंड करता ना, लिंबू चोखल्यासारखं, ते आता बंद. निदान जेवताना तरी."

"मी कुठे तोंड करते?"

"आरसा आणू?"

आरसा चार दिवसांनी स्टुडिओतच आला, थोरलीच्या टेबलावर. तिने प्रतिबिंबातल्या पोरीची पहिली पानं काढली: तीही यंत्रासमोर उभी आहे आणि खऱ्या पोरीकडे बघतेय. मधली चित्रं धाकटीने हट्टाने मागून घेतली होती. तासाभरात पान परत आलं, वर चिठ्ठी: "ताई, हात बरोबर आहे ना? एकदा बघून घ्या."

हात बरोबर होता, प्रतिबिंबातल्या पोरीचा उजवाच. थोरलीला तो बरोबर असल्याचं पक्कं ठाऊक होतं. तरी तिने आरशासमोर हात वर केला, बोटंसुद्धा मोजली. मग नजर हातावरून तोंडावर गेली. लिंबू चोखलेलं. अगदी सालीसकट. तिने ते सरळ करून पाहिलं; होईना.

मग तिने नवं पान टेबलाच्या कडेच्या खुंट्यांत अडकवलं आणि ते तोंड, जसंच्या तसं, त्या पोरीला दिलं. ओठ एका बाजूला ओढलेले, डोळा बारीक, दुसऱ्या पोरीच्या हातावर खिळलेला. रेघ दोनदा घसरली. तिने खोडली नाही.

धाकटीने ती पानं बोटांत धरून फडफडवली. एकदा. परत एकदा. आजूबाजूचे दोघंतिघं वाकून बघायला लागले. चष्मा म्हणाला, "अरे, ही तर अंगावर येतेय!" धाकटीचं तोंड मात्र हळूहळू एका बाजूला ओढलं गेलं.

थोरलीने आरशातून ते बघितलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.