ज्या घरी ते पाणी पीत नसत

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वेडंवाकडं येतं, ऱ्हस्वदीर्घ तर चुकतंच. हे कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

शेजारचे मामा दारात आले की आधी काठी भिंतीला टेकवत, पागोटं सारखं करत आणि म्हणत, "वैनी, पाणी द्या. म्हंजे आज तुमच्यावर काही न्हाय."

ते निजामाच्या अदालतीत चपराशी होते. गावोगाव समन पोचवायचं त्यांचं काम. ज्या घरी समन द्यायचं तिथं खटला मिटेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळं आमच्या गावात, जळकोटात, मामा कुणाकडं पाणी पितात यावर बायांची नजर असे. एक सावकारीण तर ते दिसले की ताकाचा तांब्या घेऊन रस्त्यातच येई. "ताकानं समन चुकत न्हाय, बाई," म्हणत मामा ते पिऊन टाकत.

घरात ते एकटेच. स्वतः भाकरी थापत आणि करपली की चुलीला कानडीत शिव्या देत.

त्या सुमारास सोलापूरच्या एका शेटजींनी गावात सरकी काढायची गिरणी घालायला कंपनी काढली. लोकांनी बैल विकून, डाग मोडून शेअर घेतले. आमच्या ह्यांना गावात मान, म्हणून शेटजींनी त्यांना डायरेक्टर केलं. काम एवढंच, पुढं येईल त्या कागदावर सही करायची. यंत्रं खोक्यांतच राहिली, पायासाठी खणलेल्या चरात बेडूक ओरडू लागले आणि शेटजी येईनासे झाले. सोलापूर इंग्रजी मुलूख. निजामाचा कागद तिथं सहजी चालत नसे. शेवटी शेअरवाल्यांनी फौजदारी केली आणि सगळ्या डायरेक्टरांची नावं लिहून दिली. आमच्या दारावरून जाताना लोक बोलणं थांबवू लागले.

एके सकाळी मामा आले. मी सवयीनं तांब्या पुढं केला. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. म्हणाले, "मालकास्नी बोलवा, वैनी."

हे शेतावर गेले होते. मी परक्या माणसाशी फारशी बोलणारी नव्हे, पण त्या दिवशी दाराआडून म्हटलं, "सापडले नाहीत असं लिहा, मामा. हे सोलापूरला निघून जातील."

"लिहितो. मग पुढच्या खेपेला मी न्हाय येणार, वॉरंट घेऊन पोलीस येतील." मग म्हणाले, "कंपनीला हातपाय न्हाईत, म्हणून सही करणाऱ्याला बोलावत्यात. मालक अदालतीत गेले तर तिथं सांगता येईल, पैसा कुणी नेला. पळून गेल्यावर कोण ऐकणार?"

ह्यांनी समन घेतलं. अदालतीत उभं राहून पैसे कुणाच्या हाती गेले ते सांगितलं. मग शेटजींच्या नावचं समन निघालं.

ते घेऊन मामा सरहद्दीच्या जकात नाक्यावर बसू लागले. यंत्रं विकायला शेटजी कधीतरी येणारच, असं त्यांचं म्हणणं. एकदा दोन अनोळखी माणसं आमच्या दारात येऊन सांगून गेली, म्हाताऱ्याला म्हणावं नाक्यावर ऊन लई लागतं. मी निरोप दिला. "व्हय, लागतं," म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

शेटजींची मोटार जकातीसाठी थांबली, तेव्हा मामांनी काचेतून समन त्यांच्या मांडीवर ठेवलं, असं नाक्यावरचे लोक सांगत. समन पोचल्याचा कागद मामांनी तिथूनच टपालानं अदालतीत धाडला. स्वतः मात्र परतले नाहीत. ह्यांनी रस्ता पालथा घातला, पोलिसांत जाऊन आले. काही दिवसांनी नाक्यावरच्यांनी त्या मोटारीचं बोलणंसुद्धा सोडलं. मामा कोण, असं विचारू लागले.

समन पोचूनही शेटजी हजर झाले नाहीत, म्हणून अदालतीनं यंत्रं जप्त केली. तेव्हा कुठं यंत्रं सोडवायला त्यांचा वकील पैसे घेऊन आला.

चावडीवर नावं पुकारून वाटप झालं. पैसे कनवटीला लावून माणसं मामांच्या बंद दारावरून खाली मान घालून गेली. ज्याचे जेवढे होते, तेवढे सगळे पैसे परत मिळाले.