दादाचा सर्व्हर का बंद पडायचा

ज्या माणसाने माझ्या भावाला गावासमोर नालायक ठरवलं, त्याने आज सकाळी त्याच्या फोटोला हार घातला.

मी घालू दिला.

दादाला जाऊन आज एक वर्ष झालं. अशा दिवशी लोक चांगलं तेवढंच लिहितात. मी सगळं लिहिणार आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून थोडं आत. दादा इथेच पोलीस भरती, तलाठी अशा परीक्षांची तयारी करून घ्यायचा. गावात नेटवर्कची बोंब. म्हणून त्याने जुन्या कॉम्प्युटरचा सर्व्हर केला आणि माजघरात ठेवला. पोरंपोरी ओसरीवर बसून मोबाईल घरच्या वायफायला जोडायची आणि सराव पेपर द्यायची. इंटरनेट लागायचंच नाही.

फार जीव होता त्याचा त्या डब्यावर.

मग हळदीचा सीझन आला आणि डबा मध्येच बंद पडायला लागला.

दादाने रॅम काढून खोडरबरने घासली. पंखा साफ केला. प्रोसेसरला नवी पेस्ट लावली. पॉवर सप्लाय बदलला, यूपीएस आणला. तरी पेपर अर्ध्यावर आला की खटकन बंद.

मशीनच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, दरवेळी एकच ओळ. अनपेक्षितपणे बंद झाला.
अरे बाबा, ते आम्हालाही दिसतंय. कारण सांग ना.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. दादाला वाटलं, अर्थिंग कमजोर आहे. आमचा अर्थिंगचा खड्डा घरामागे, भिंतीला लागून. त्यात मीठ-पाणी ओतून ओल ठेवायची, ही इकडची पद्धत. त्याने आईला सांगून ठेवलं, "पेपरच्या दिवशी सकाळी दोन बादल्या. इसरू नको."

आई कधी विसरली नाही. विसरली असती तरी भिंतीपलीकडून बापूकाका आठवण करायचे. काका म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ. शेजारीच त्यांचा हळद पॉलिश करायचा ड्रम.

"वैनी, खड्ड्यात पाणी टाकलं का? टाकत जा. पोराच्या मशीनला बरं."

केवढी ती काळजी.

एकदा दादाने सगळ्या पालकांना बोलावून मोठा सराव पेपर ठेवला. सर्व्हर तीनदा बंद पडला. तिसऱ्यांदा काका सगळ्यांसमोर उभे राहिले.

"ह्याला सोताचा डबा चालवता येत न्हाई, अन् हा तुमच्या लेकरायला शिकवून राहिला."

लोक हसले. आठवड्याभरात ओसरी रिकामी झाली.

दादाने एकदाही दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही. दोष आपल्याच कामात शोधायची त्याला खोड. रोज डबा उघडायचा, रोज बंद करायचा. मला म्हणाला, "माझंच कायतरी चुकून राहिलं. सापडत न्हाई बघ."

डॉक्टर म्हणाले हार्ट. असेल. पण माझा भाऊ स्वतःला बिनकामाचा समजत गेला, हे मला माहीत आहे.

तो गेल्यावर आईला मी हिंगोलीला माझ्याकडे आणलं. घर बंद. सर्व्हर मात्र मी तिथे चालूच ठेवला होता. बंद करायला हात धजेना. यंदाच्या सीझनमध्ये घरी जाऊन लॉग बघितला, तर महिनाभरात तो एकदाही बंद पडला नव्हता.

तेवढ्यात काकांचा फोन.
"पोरी, घर बंद असलं तरी खड्ड्यात पाणी टाकून जात जा. अर्थिंग सुकून राहिलं."

आमच्या बंद घराचं अर्थिंग सुकलेलं यांना कसं कळलं?

बाळापूरचे मुनीरभाई वायरमन, दादाचे दोस्त. मी त्यांना घेऊन गावच्या घरी गेले आणि खड्ड्यावरची फरशी उचलली. आत दोन वायरी. एक आमची. दुसरी भिंतीखालून काकांच्या ड्रमच्या मोटारीला.

मुनीरभाईंनी कपाळाला हात लावला. "एक वायर लाईनवर आकडा टाकून घेतली, दुसरी तुमच्या खड्ड्यात. मीटर फिरतच न्हाई. खड्डा ओला असंल तवाच मोटार चालती. अन् मोटार चालली की तुमच्या अर्थिंगमधी करंट चढतो. मशीन बंद पडंल न्हाई तर काय? भाईचं काम बराबर होतं, ताई."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी मीच वतत होते."

दोन दिवस जेवली नाही ती.

मुनीरभाई वायर लगेच कापणार होते. मी त्यांना थांबवलं. दादाची बदनामी चारचौघांत झाली होती, ही वायर गुपचूप कशी निघेल?

आज वर्षश्राद्धासाठी गावचं घर उघडलं आणि सकाळी दोन बादल्या पाणी मीच ओतलं. दोन मुठी मीठ जास्त टाकलं.

दहा वाजता पलीकडे ड्रम फिरायला लागला. काका आले, फोटोला हार घातला, हात जोडले, "हिरा होता हिरा" म्हणाले आणि पंगतीत बसले. अर्धं गाव परसात जेवत होतं. हसणारे पालकही होते.

मी सगळ्यांसमोर फरशी उचलायला लावली. मुनीरभाईंनी वायर दाखवली, काय आहे ते सांगितलं. मग रबरी हातमोजे घालून ती उपटली.

भिंतीपलीकडची घरघर मंदावत मंदावत थांबली.

कोणी घास उचलेना. काका ताटावरून उठून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "पोरी, चार लोकांत काहून?"

मी मोठ्याने म्हणाले, "दादाला तुमी एकट्यात बोलले होते का?"

ते हात न धुताच निघून गेले. कोणी थांबवलं नाही.

बापूकाका, तुम्ही हे वाचाल. माफी मागायला येऊ नका. दादा असता तर त्याने तुम्हाला चहा पाजला असता. मी दार उघडणार नाही.

दादा, तुझं काही चुकलं नव्हतं. आज गावाने बघितलं.

तुझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं रे.