सुतकातली मोटार

तुमसरला ठाणेदार असतानाची एक घटना अजून माझ्या डोक्यातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही. एक मोटार नको त्या जागी उभी होती, एवढंच प्रकरण. पण अट्टल चोरानं कधी छळलं नसेल इतकं त्या मोटारीनं मला छळलं.

ऐंशीच्या आसपासचं साल असेल. मे महिन्याचं ऊन. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. विड्या वळणारी एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. त्यानं वर न बघताच तिला नगरपालिकेत जायला सांगितलं.

"तिथूनच आली मी," बाई म्हणाली. "ते म्हनतेत पोलिसात जा, तुमी म्हनता नगरपालिकेत जा. माही पोरगी पयल्या बाळंतपनाले आली हाये. आज-उद्याचं काम हाये. घरात घोटभर पानी नाही. बाळंतपन काय कोरड्या घरात करू?"

मी तिला आत बोलावून घेतलं. वरच्या आळीत एका राइस मिलवाल्याचं घर होतं. त्याच्या दारासमोर, चौकात, नळाच्या लाइनीवर लोखंडी झाकण होतं. नगरपालिकेचा माणूस रोज ते झाकण उघडून चावी फिरवायचा, की खालच्या मोहल्ल्याला पाणी जायचं. दुपारी पुन्हा बंद करायचा. आता नेमकी त्या झाकणावर मिलवाल्याची काळी मोटार उभी होती. चावी बंद ती बंदच. वरच्या आळीला धो धो पाणी आणि खालचा मोहल्ला भर उन्हात लांबच्या विहिरीवर.

मी हवालदाराला पाठवलं. हा कोंढ्याकडचा गडी, धानाच्या बांधीत वाढलेला, अंगानं दणकट. एकटा मोटार ढकलेल असा. तो तासाभरात हात हलवत परत आला.

"साहेब, गाडीले हात नाही लावता येत. मोठे शेठजी वारले. जाच्या आदल्या दिवशी त्यायनं सोताच्या हातानं तिथं उभी केली म्हनते. पोरगा म्हनते, तेरवीपर्यंत हलवनार नाही."

"आणि मोहल्ल्यातले लोक काय म्हणतात?"

"तेही म्हनतेत, राहू द्या. शेठजीची गाडी हाये, ओढू विहिरीवरून तेरवीपरेंत."

डोकं सणकलं माझं. मी स्वतः गेलो. मोटारीच्या पुढच्या बाजूला झेंडूचा हार, खाली पणती. ओट्यावर मुलगा चटईवर बसलेला, डोकं भादरलेलं, डोळे खाली. आल्यागेल्यानं हात जोडायचे आणि जायचं. नगरपालिकेचा माणूससुद्धा असाच हात जोडून परत गेला होता. सुतकातल्या माणसाला दरडावलं असतं तर तीच तहानलेली माणसं माझ्या अंगावर आली असती. मी टोपी काढली, दोन शब्द बोललो आणि निघालो. पण ठाण्यात येऊन तक्रार दैनंदिनीत नोंदवायला लावली. प्रकरण सोडायचं नाही, हे तिथंच ठरवलं. त्या बाईचा 'कोरड्या घरात' हा शब्द माझ्या कानातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी खबर आली. मिलमधला एक हमाल अधूनमधून आम्हाला बातमी द्यायचा. ठाण्यामागच्या चहाच्या टपरीवर तो हळूच म्हणाला, "मालकाची विहीर आटली, हे तुमाले ठाऊक हाये ना? मंग उसन्याच्या टाक्या काठोकाठ कशा भरून राहिल्या, ते पाहा."

उसना तांदूळ काढायचा तर धान आधी टाक्यांत भिजवावं लागतं, मग उकडायचं. त्याला पाणी लागतं ते बादलीनं नव्हे. समोरून सुतक आणि मागच्या दारानं मिल चालू. खालच्या मोहल्ल्याचं अडवलेलं पाणी घरामागच्या मिलच्या नळाला जात होतं, ते कळलं. पण एवढ्यावर काय होणार? बापानं गाडी लावली, मी काय करू, असं तो तोंड वर करून म्हणाला असता. आणि मेलेल्या माणसाचा जबाब काही घेता येत नाही.

मी खालच्या मोहल्ल्यात गेलो. बाई दारात तेंदूपत्ता घेऊन बसली होती. पानं भिजवायला पाणी नाही, कात्री लावली की चरचर फाटत होती. भिंतीला टेकून पोरगी बसलेली, पाय सुजलेले, चेहरा पांढरा पडलेला. मला भीतीच वाटली.

"बाई, तुम्हा लोकांना त्या शेठजींचा एवढा कळवळा काहून?" मी जरा चिडूनच विचारलं.

"आमच्या मोहल्ल्यात नळ त्यायनंच आनला, साहेब. नगरपालिकेत भांडून आनला. देवमानूस होता. मयतीले सारा मोहल्ला गेला होता. आमी साऱ्या बाया त्या लोखंडी झाकनावर अन् भवती बसलो होतो रडत. समोरच तिरडी बांधून राहिले होते."

"कुठं बसला होता?"

"झाकनावर. चटके बसत होते, म्हनून मी पदर घातला खाली."

बोलता बोलता तिनं काय सांगितलं, ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. गाडीला हात जोडणाऱ्या साऱ्या मोहल्ल्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. सुतक म्हटलं की आपल्याकडे माणूस प्रश्न विचारायचाच थांबतो. त्या पोरानं आम्हा सगळ्यांना शेंडी लावली होती.

मी दोन पंच घेतले, हवालदार घेतला, नगरपालिकेच्या माणसाला चावी फिरवायच्या पान्यासकट बोलावलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. आवाज चढवला नाही. मयतीला कोण कोण आलं, खांदा कोणी दिला, असं विचारत गेलो. बापाचं कौतुक सांगताना त्याला कंठ फुटला. रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगतो.

"तिरडी कुठं बांधली?"

"इथंच, दारापुढं. पूर्ण चौक भरला होता, साहेब. पाय ठेवायला जागा नव्हती."

"मग मोटार कुठं होती?"

"शेडमध्ये," तो बोलून गेला. पंच एकमेकांकडे बघायला लागले.

"मोठे शेठजी गाडी शेडमध्ये ठेवून गेले, तर ती झाकणावर कोणी आणली?"

त्यानं मोटारीकडे पाहिलं. मग पुटपुटला, "धान टाकीत पडलं होतं, साहेब. पाणी नसतं तर सडलं असतं."

"खाली एक पोरगी पाण्यावाचून अडली आहे. किल्ली आणा."

हवालदारानं मोटारीवरचा हार काढला, डोक्याला लावला, बाजूला ओट्यावर ठेवला. पणती विझू न देता उचलली. मग किल्लीची वाटही न बघता दारातून हात घालून गिअर काढला आणि खांदा लावला. आम्ही पंचनामा करेपर्यंत चावी फिरली होती. खालून भांड्यांचा खणखणाट ऐकू आला, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. पहाटे पोरीची सुटका झाली, मुलगी झाली. चुलीवर हंडाभर पाणी तापत होतं, असं हवालदार सांगत आला.

कोर्टात खटला भरला, दंड झाला. त्यानं तो भरला आणि वकिलाशी बोलत बोलत गाडीत बसून गेला. एवढ्यासाठी का आपण धडपडलो, असं मला वाटून गेलं. पण त्याला खरी शिक्षा त्याआधीच, तेरवीच्या दिवशी झाली होती. मी तिथं हजर होतो.

खालचा मोहल्ला जेवायला येणार नाही, असा माझा अंदाज होता. सगळे आले. मोठ्या शेठजींच्या फोटोला हात जोडून पंगतीला बसले. प्रत्येकाच्या पत्रावळीशेजारी घरून भरून आणलेला तांब्या होता. कोणी कोणाला सांगितलं, कधी ठरलं, हे माझ्या खबऱ्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. पोलिसाला कायदा वापरता येतो, एवढं मला ठाऊक होतं. माणसं आपला निवाडा किती गुपचूप करतात, ते त्या पंगतीत शिकलो.

मुलगा पाण्याची बादली घेऊन वाढत फिरत होता. त्या बाईसमोर आला, वाकला. तिनं तांब्यावर हात ठेवला.

"राहू दे, बाबू," ती म्हणाली. "तुह्या बापानं आनलेलं पानी हाये आमच्या घरी."

ती जेवत राहिली. तो बादली धरून तिथंच उभा होता.